कोटाचं अस्तर

६ जानेवारी

नव्या अधिष्ठात्यांनी आज मला एका समितीची अध्यक्ष केलं. 'संशोधन अग्रक्रम व पदव्युत्तर प्रशिक्षण समिती.' नाव सांगून होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला. आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पुढची काही वर्षं कशावर संशोधन व्हावं आणि पदव्युत्तर जागा कोणत्या विभागाला मिळाव्यात, हे मार्चपर्यंत ठरवायचं. मी डिसेंबरात निवृत्त होणार, म्हणजे मला कशातच स्वारस्य नाही, म्हणून मी निःपक्ष, असा त्यांचा हिशेब.

निःपक्ष म्हणे! माझ्या पशुप्रजनन विभागाच्या जागा गेल्या तर गाईच्या पोटात काय आहे हे हाताने ओळखायला पुढे कोणी शिकणारच नाही. आणि मी टेबलाच्या टोकाला बसून ते निःपक्षपणे बघू?

या अधिष्ठात्यांना मी मनात 'रकाने' म्हणते. जे तक्त्याच्या रकान्यात बसत नाही ते त्यांच्या लेखी जगातच नाही. मला विचारलं, "मॅडम, हाताचं कौशल्य मोजायचं कशात?" मी म्हटलं, "वासरांत." त्यांनी ते लिहून घेतलं!

घरी आल्यावर आणखी एक कप फुटला. हल्ली कपांचे कान इतके गुळगुळीत करतात की धरलेत हे कळतसुद्धा नाही. हे म्हणाले, "असू दे गं, मी मोठा मग आणतो, दोन्ही हातांनी धरायचा." निवृत्त माणसाला बाजारात जायला काहीही निमित्त चालतं.

१३ जानेवारी

पहिली बैठक. प्रत्येक विभागप्रमुखाला अग्रक्रमाचे विषय द्यायला सांगितले होते. कोंबड्यांच्या विभागाने कोंबड्या पहिल्या क्रमांकावर घातल्या, चाऱ्याच्या विभागाने चारा, शस्त्रक्रियावाल्यांनी शस्त्रक्रिया. सगळेच पहिले. दुसरा क्रमांक कोणालाच नको. यातून अग्रक्रम काढायचा म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आईला 'सर्वांत हुशार कोण' असं विचारण्यासारखं आहे.

नळीवाल्याने रंगीत चित्रं दाखवली. हा प्रयोगशाळेचा प्रमुख, माझाच जुना विद्यार्थी. दिवसभर काचेच्या नळ्यांत असतो, म्हणून ते नाव. पहिल्या बाळंतपणाला, गाईच्या हं, हा गोठ्यात आडवा पडला होता आणि मी गाईला सोडून याच्या तोंडावर पाणी मारत होते. तो आता सांगतो, रक्ताच्या थेंबावरून गाभण ओळखता येईल, हाताच्या जागा प्रयोगशाळेला द्या.

"मॅडम, हात घालायचे दिवस गेले आता."

"तुझे आले होते कधी?"

सगळे हसले. तोही हसला, गुणी आहे बिचारा. फक्त रकाने हसले नाहीत. ते म्हणाले, "पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे." म्हणजे त्यांचं ठरलेलं दिसतंय. डोकं नुसतं भणभणतंय.

१९ जानेवारी

आज नव्या पदव्युत्तर मुलांना कोट शिकवला. दरवर्षीचा माझा आवडता दिवस, आणि आज तोही धड गेला नाही.

मिशनच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. त्या आम्हाला डोळे मिटायला लावून हातात कापडाचे तुकडे द्यायच्या. "डोळे खोटं बोलतात मुलींनो, बोटं नाही." मलमल कोणती, पॉपलीन कोणतं, साटीन कोणतं, बोटांनी सांगायचं. चुकलं तर सिस्टर रागवायच्या नाहीत, नुसत्या तो तुकडा पुन्हा हातात ठेवायच्या. त्यांच्या झग्याला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा. माझ्या सगळ्या विद्येचं मूळ त्या शिवणाच्या तासात आहे, हे रकान्यांना कोणत्या रकान्यात लिहून देऊ?

तर कोट. गाय गाभण राहून महिना-सव्वा महिना झाला की गर्भाशयाच्या आत एक पातळ पडदा तयार होतो. बाहेरून, गुदद्वारातून घातलेल्या हाताने आतड्याच्या भिंतीवरूनच, हलक्या चिमटीत धरलं की आधी तो पडदा बोटांतून निसटतो, मग गर्भाशयाची भिंत. माझ्या करड्या लोकरी कोटाला साटीनचं अस्तर आहे. कोटाची कड चिमटीत धरायची आणि हळूच सोडायची: आधी अस्तर निसटतं, मग लोकर. अगदी तसंच. माझ्या किती तुकड्या या कोटावर शिकल्या.

आज अस्तर निसटेचना. दोन थर एकच झाल्यासारखे. धोब्याने खळ घातली असणार, मी बजावूनही. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी मौनीने कोट घेतला, चिमटीत धरून बघितला आणि काही न बोलता खुंटीला लावला.

मौनी माझी शेवटची विद्यार्थिनी. नवशिक्या हाताला ही खूण कळायला किती सराव लागतो, हाच तिचा पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय. मुलं हाताने सांगतात, मग ती सोनोग्राफीने पडताळते. काम चोख, पण तोंडाला कुलूप. दिवसभरात चार शब्द बोलली तर मला सणासारखं वाटतं.

२ फेब्रुवारी

डेअरीवर फेरी. डेअरीवाल्या बाई फाटकातच उभ्या. एक गाय लंगडत होती, खूर पार सडलेला.

"कधीपासून?"

"परवापासून, डॉक्टरबाई."

मौनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. हा आमचा जुना विनोद. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, मालक 'परवापासून' म्हणाला की महिने धरायचे. त्याला खोटं बोलायचं नसतं. त्याला ते परवापर्यंत बघायचंच नसतं, एवढंच.

मग गाभण तपासणी. चांदी नावाची गाय, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, मी रिकामी सांगितली. बराच वेळ हात आत होता, काही लागलं नाही. "माजावर आणायचं इंजेक्शन देऊन टाक," मी मौनीला म्हटलं. तर ही बाई औषधाचा डबाच कॉलेजात विसरलेली!

"पदव्युत्तर झालीस ना गं? इंजेक्शनाशिवाय डेअरीवर येतेस? उद्या हात घरी विसरून येशील!"

डेअरीवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मौनी खाली बघत राहिली. गाडीत बसल्यावर मला वाईट वाटलं. पण वाटायचं तरी किती? बारीकसारीक विसरणं परवडेल, डबा कसा विसरतात?

९ फेब्रुवारी

भांडार विभागाला हातमोज्यांबद्दल दुसरं पत्र टाकलं. गाईच्या तपासणीचे हे लांब मोजे पूर्वी दुसरं कातडं असल्यासारखे असायचे. आता जाड ताडपत्री. आत काहीच कळत नाही. भांडारपालाचा फोन: "मॅडम, मोजे तेच आहेत, तीच कंपनी, तेच माप." मी म्हटलं, "तुम्ही कधी घातलेत का?" तो म्हणाला, "देवाच्या कृपेने नाही."

संध्याकाळी घरी आले तर हे फोनवर. मला बघून घाईघाईत ठेवला. "कोण?" "तुझी मौनी. सहज." सहज? माझ्याशी चार शब्द बोलायचे तर तिच्या जिवावर येतं, आणि यांच्याशी सहज? यांना काय जनावरांतलं कळतं? घरातलं मांजरसुद्धा यांना 'तो' की 'ती' हे मी सांगितलं.

१७ फेब्रुवारी

डेअरीवाल्या बाईंचा फोन. चांदी गाभण आहे.

"रविवारी तुमची ती न बोलणारी पोरगी आली होती मशीन घेऊन. पडद्यावर मला दाखवलं, टिकटिक करणारं एवढंसं काळीज. बरं झालं डॉक्टरबाई, त्या दिवशी ते इंजेक्शन राहिलं ते."

बरं झालं म्हणजे काय! ते इंजेक्शन गाभण गाईला दिलं तर गर्भ पडतो. फोन ठेवला आणि ती तपासणी पुन्हा आठवून बघितली. दिवस कमी असतील, वेळ तिन्हीसांजेची होती, गाय हलत होती, आणि ते मोजे. मौनी नेमकी त्याच दिवशी डबा विसरली, नशीबच म्हणायचं. आता तिला शाबासकी द्यावी की दम, कळेना. दोन्ही दिलं नाही. तिनेही विषय काढला नाही. रविवारी डेअरीवर कशाला गेली होती, तेवढं विचारायचं राहून गेलं.

२४ फेब्रुवारी

आजच्या बैठकीत माझा पारा चढला. रकान्यांनी तक्ता तयारच आणला होता. त्यात प्रजनन विभागापुढे 'जागा: शून्य' आणि कंसात 'कालबाह्य कौशल्य'. कालबाह्य! या कौशल्याने मी पुरात, अंधारात, वीज नसलेल्या गोठ्यांत गाई तपासल्यात. यांच्या नळ्यांना शीतकपाट लागतं.

मी म्हटलं, "प्रात्यक्षिक घेऊ. कॉलेजच्या गोठ्यातल्या गाई, तुमच्यासमोर. मी हाताने सांगते, नळीवाल्याने सोनोग्राफीचं मशीन लावून पडताळावं. हात चुकला तर जागा घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही. बरोबर आला तर तो कंस खोडायचा आणि जागा ठेवायच्या."

रकाने एकदम खुलले. प्रात्यक्षिकाला तक्ता करता येतो ना. लगेच कागद पुढे ओढून उभी रेघ मारली: एकीकडे हात, एकीकडे मशीन. दहा मार्च ठरला.

नळीवाला दारात थांबला. "मॅडम, कशाला? मी एखादी जागा तुमच्याकडे ठेवायला सांगितलं असतं."

भीक नको म्हणावं!

२६ फेब्रुवारी

मौनी आज आपणहून बोलली. ऐकून मी आडवीच झाले.

"मॅडम, प्रात्यक्षिक तुम्ही करू नका."

"मग कोणी करायचं, रकान्यांनी?"

"आम्ही करतो. मी, आणि नवी मुलं. समिती प्रशिक्षणाचीच आहे ना."

"नवी मुलं अजून गाईच्या शेपटाला घाबरतात."

"मग मी एकटी."

"का?"

तिने टेबलावरचा टाचणीचा डबा सरळ केला, वाकडा केला.

"नळीवाल्याने प्रयोगशाळेत जागा देतो म्हटलंय का तुला?"

तिने अशी मान वर केली की मला वाटलं आता रडते. रडली नाही. "नाही, मॅडम," म्हणाली आणि गेली.

घरी यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेतील. तर हे म्हणतात, "मुलगी म्हणते ते ऐक जरा."

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी कोण? मी आपला कप आणणारा माणूस."

ज्यांच्यासाठी जागा वाचवायच्या त्यांनाच माझ्या हाताचा भरवसा नाही! मग मी कोणासाठी हे सगळं अंगावर घेतलंय?

५ मार्च

या घरात काहीही धड राहत नाही. सकाळी ब्लाऊजची बटणं लागेनात, धुऊन धुऊन काजं आक्रसलीत. हे दारात येऊन उभे. "लावून देऊ?" मी म्हटलं, "मी काय बालवाडीत आहे?" मग कॉलेजला उशीर झाला आणि त्याचंही खापर मी यांच्यावरच फोडलं.

सिस्टरांची फार आठवण येते आहे. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. आम्ही काही माजी विद्यार्थिनी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटांवरून बोट फिरवलं आणि नाव बरोबर सांगितलं. मग हसून म्हणाल्या, "मुली, सुई आता तू ओव." किती सहज सुई पुढे केली होती त्यांनी.

भांडारातून नवे मोजे आले, मागवले होते तसे, सर्वांत पातळ. आता बघू म्हणावं.

१० मार्च

जसं झालं तसं लिहिते.

कॉलेजच्या गोठ्यात गाई एकेक करून तपासणीच्या खोड्यात घ्यायच्या होत्या. रकाने लाकडी खुर्चीवर तक्ता मांडीवर घेऊन, शेणापासून पाय जपत बसलेले. नळीवाला मशीन घेऊन तयार. समितीचे बाकीचे भिंतीला टेकून. मौनीने पहिल्या गाईची शेपटी बाजूला धरली. माझ्याकडे बघत नव्हती.

मी नवा मोजा चढवला, डावा हात आत घातला. वाट मला झोपेतही सापडेल. हाडाच्या कडेवरून खाली, तिथून वळायचं, तिथे गर्भाशय. ऊब लागली. गाईचा श्वास दंडापर्यंत कळत होता. पण त्याच्या पुढे, बोटांत, काही नव्हतं. हात कोणा दुसरीचा असावा आणि मी तो नुसता उसना घातलेला असावा, तसं. चिमटी केली. केली असं मला वाटलं. काय धरलं, काय सुटलं, काही नाही.

मोजा पातळ होता. मी स्वतः मागवलेला. गाय शांत होती. ऊन चांगलं पडलेलं होतं. म्हणायला काहीच उरलं नव्हतं.

'गाभण' म्हणून टाकावं, असं मनात येऊन गेलं. बरोबर आलं तर आलं. नळीवाला वाट बघत होता, रकान्यांचं पेन हाताच्या रकान्यावर टेकलेलं. मी मौनीकडे बघितलं. ती गाईच्या पाठीकडे बघत होती आणि तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की मला एकदम तो विसरलेला औषधाचा डबा आठवला. ही मुलगी काही विसरत नाही. कधीच विसरलेली नाही.

मी हात बाहेर काढला.

"अधिष्ठाता साहेब, समिती कशाची आहे?"

ते गोंधळले. "संशोधन अग्रक्रम व..."

"पुढचं."

"पदव्युत्तर प्रशिक्षण."

"मग माझा हात बघून काय करता? मी डिसेंबरात जाणार. शिकवलेला हात बघा. हिचा."

"पण मॅडम, ठरलं तसं..."

"तक्त्यात हात असंच लिहिलंय ना? कोणाचा ते लिहिलंय?"

त्यांनी तक्ता बघितला. लिहिलेलं नव्हतं.

मी शेपटी धरली आणि मौनीने मोजा घातला. हात आत गेला तसे तिने डोळे मिटले. मी शिकवते तसेच, सिस्टरांनी शिकवले तसेच. गोठ्यात नुसतं रवंथ ऐकू येत होतं.

"गाभण. उजव्या बाजूला. अस्तर निसटतंय, मॅडम."

"अस्तर म्हणजे?" रकान्यांनी विचारलं. "हे कोणत्या रकान्यात घालू?"

नळीवाल्याने मशीन लावलं. गाभण. पुढची रिकामी, मशीनही रिकामी. त्यापुढची मौनीने गाभण सांगितली, आणि नळीवाला म्हणाला, काही दिसत नाही. रकान्यांनी पेन उचललं. मौनी शांतपणे म्हणाली, "सर, थोडं डावीकडे, खालून बघा." त्याने पुन्हा लावलं, बराच वेळ पडद्याशी वाकून राहिला आणि मग लहान मुलासारखा ओरडला, "आहे, आहे! ठोका आहे!" स्वतःची बाजू हरतोय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. म्हणून तर तो मला आवडतो.

सगळ्या गाई झाल्या. हात कुठेही चुकला नाही. रकान्यांनी कंस खोडला. जागा राहिल्या, पण 'प्रायोगिक तत्त्वावर', आणि अट अशी की डिसेंबरनंतर शिकवणार कोण हे विभागाने आत्ताच कळवावं. प्रायोगिक म्हणे! बाकी सगळं वैतागून लिहीन उद्या. शिकवणार कोण ते मात्र तिथेच सांगितलं. मौनी इतकी दचकली की तिच्या हातून बादली सुटली.

सगळे गेल्यावर आम्ही नळावर हात धूत होतो. मौनीने माझा डावा हात आपल्या हातात घेतला, न विचारता. कपाळावरची बट मागे सारली आणि आमच्याकडे जनावराचा पाय तपासतात तसा तो तपासायला लागली. अंगठा. तर्जनी. नखांच्या मुळाशी दाब.

"इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"थोडं."

"आणि इथे?"

मी नळ बंद केला.

"कधीपासून, मॅडम?"

"परवापासून," मी म्हटलं.

तिला हसू आलं. मग तिचे डोळे भरले आणि मग पुन्हा हसूच आलं. "सगळे मालक हेच सांगतात," ती म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. सरांनी वेळ घेऊन ठेवली आहे."

यांनी! म्हणजे ते सगळे 'सहज' फोन!

तिने खुंटीवरचा करडा कोट आणला, माझे हात बाह्यांत घातले आणि बटणं लावायला लागली. वरपासून खालपर्यंत, एकेक. मी लावू दिली.